अभयाची मुदत

२४ मार्च २०२० च्या रात्री सर्व देशाला उद्देशून जो हुकूम निघाला त्याचा मथितार्थ एवढाच होता की, प्रत्येकाने आपापल्या घरी राहावे. आणि या हुकुमाच्या मुळाशी असलेले गृहीतक इतके स्वाभाविक व सर्वमान्य होते की, ते गृहीतक आहे याचे भान शासनाला, वृत्तपत्रांना किंवा तुम्हा-आम्हा सद्गृहस्थांना राहिले नाही. प्रत्येकाला घर असते, हे ते गृहीतक. ज्यांचे घर म्हणजे बालगृहातील एक खाट आणि एक पत्र्याची पेटी, ज्यांना त्या खाटेवरून उठवून कित्येक महिने न पाहिलेल्या आप्तांच्या दारी पोहोचविण्यात आले, आणि ज्यांनी अठरावे वर्ष पुरे झाले एवढ्याच कारणाने संस्थेचा निरोप घेतला होता, अशी तीन प्रकारची मुले त्या हुकुमाच्या अंमलाखाली येत होती. परंतु तो लिहिणाऱ्याच्या मनात त्यांपैकी कोणी असेल असे वाटत नाही.

महामारी ओसरली, तिच्या काळातील योजनांची परिपत्रके दप्तरात गेली, आणि आता शांतपणे विचार करण्याजोगा एक प्रश्न मागे उरला आहे. तो प्रशासनाचा जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, धर्मविचाराचा आहे. जे मूल माझ्या रक्ताचे नाही, माझ्या जातीचे असल्याचा पुरावा नाही, ज्याच्या आईबापांशी माझा व्यवहार नव्हता, त्याचा माझ्यावर काही हक्क पोहोचतो काय? पोहोचत असल्यास तो माझ्या दयेवर अवलंबून आहे, की माझ्यावरील ऋणातून निघतो? आणि तो ऋणातून निघत असेल, तर त्याच्या अठराव्या वाढदिवशी तो संपुष्टात येतो असे आपण कोणत्या आधारावर मानतो?

हा प्रश्न कोल्हापूर शहरात विचारण्यापेक्षा कबनूरसारख्या गावी विचारणे अधिक उचित होईल. कोल्हापुरात बालकल्याण संकुल आहे, बालकल्याण समितीचे कामकाज तेथे चालते, बालसंरक्षण अधिकाऱ्यांचे कार्यालयही तेथेच. त्यामुळे अशा मुलांचा विषय निघाला की जिल्ह्यातील इतर गावांचे मन नकळत कोल्हापूरच्या दिशेने बोट दाखवून मोकळे होते. कबनूर हे हातकणंगले तालुक्यातील, इचलकरंजीला इतके लागून असलेले गाव आहे की नवख्याला त्यांची शीव सापडू नये. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्यातून वाढत गेलेल्या धंद्याने आसपासच्या गावांचे शेतकरी रूप पालटून टाकले. कबनूरच्या वस्तीत मागाचे मालक आहेत, दुसऱ्याच्या सुताचे कापड मजुरीवर विणून देणारे खर्चीवाले आहेत, सायझिंगमध्ये राबणारे आणि वहिफणीचे काम करणारे कामगार आहेत, कांड्या भरणाऱ्या बाया आहेत, आणि परप्रांतातून येऊन एकेका खोलीत चौघे-पाचजण राहणारे मजूरही आहेत. अशा कुटुंबाची मिळकत विणलेल्या मीटरवर अवलंबून असते. माग थांबला की मजुरी थांबते, आणि मजुरी थांबल्यावर भाड्याची खोली किती दिवस टिकते हा केवळ घरमालकाच्या स्वभावाचा प्रश्न उरतो. २०२० च्या मार्चअखेर माग थांबले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत माणसे गेली, आणि त्या पाठोपाठ जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई गेल्यावर अशा घरातील मूल निराधार होण्यास दुसऱ्या कोणत्याही दुर्दैवाची आवश्यकता नसते.

आता या गावात एका तरुणाची कल्पना करावी. तो एखाद्या बालगृहात वाढलेला आहे, अठरा वर्षे पुरी झाल्यावर बाहेर पडला आहे, आणि ओळखीच्या एका जॉबरच्या शब्दावर मागाच्या कामाला लागून कारखान्यातच झोपतो आहे. टाळेबंदीच्या सकाळी कारखान्याला कुलूप लागते. सोबतचा ओडिशाचा किंवा बिहारचा कामगार पायी का होईना निघू तरी शकतो, कारण कितीही दूर असले तरी त्याला निघण्यासारखे एक ठिकाण आहे. या तरुणाला मात्र जाण्याची मनाई असली काय आणि मुभा असली काय, दोन्ही सारखेच. शिधापत्रिका कुटुंबाच्या नावे निघते आणि याचे कुटुंब नाही; खोली भाड्याने मागावी तर ओळख कोण देणार आणि अनामत कोण भरणार, हा पहिला सवाल; आजारी पडला तर रुग्णालयाच्या कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात लिहावयाचे कोणाचे नाव? ज्या संस्थेने त्याला वाढविले तिच्या दारी तो गेला असता, तर तेथील अधीक्षकाचे मन कितीही कळवळले तरी वयाची मर्यादा ओलांडलेल्या इसमाला बालकांच्या वसतीत, तेही संसर्गाच्या दिवसांत, प्रवेश देण्याचा अधिकार त्याला नव्हता. यात दुष्टपणा कोणीच केलेला नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला, आणि सर्वांनी नियम पाळल्यावर एक मनुष्य पूर्णपणे उघड्यावर पडला.

संस्थांमध्ये राहिलेल्या मुलांकडे न्यायसंस्थेचे लक्ष मात्र लवकर गेले, हे नमूद केले पाहिजे. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हाती घेतला आणि बालकल्याण समित्या, बाल न्याय मंडळे व संस्था यांना तपशीलवार निर्देश दिले. गर्दी टाळावी, स्वच्छता राखावी, सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घ्यावी, आणि ज्या मुलांना कुटुंबात पाठविणे हितावह असेल त्यांचा विचार करावा, असा त्यांचा रोख होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात न्यायालयासमोर आलेल्या माहितीप्रमाणे, महामारीच्या प्रारंभी देशातील बालसंस्थांत २,२७,५१८ मुले होती आणि त्यांतील १,४५,७८८ मुले कुटुंबात परत पाठविण्यात आली होती. १५ डिसेंबर २०२० च्या आदेशाने न्यायालयाने अशा प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचे राज्यांना फर्माविले.

या आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. दीड लाखाच्या आसपास मुले काही महिन्यांत घरी जाऊ शकली, याचा अर्थ त्यांना घर म्हणण्याजोगे काहीतरी होते; आई होती, आजी होती, क्वचित दोन्ही पालकही होते. मग ती संस्थेत का होती? याचे बहुतांश उत्तर एकाच शब्दात देता येते, आणि तो शब्द दारिद्र्य हा आहे. पोटभर अन्न, शाळा आणि डोक्यावर छप्पर या तीन गोष्टी गावात मिळेनात म्हणून आईनेच मुलाला संस्थेच्या हवाली केले. २०१५ चा बाल न्याय अधिनियम संस्थेतील वास्तव्य हा अखेरचा उपाय मानतो. परंतु प्रत्यक्षात गरिबाच्या मुलाला तो पहिलाच मिळतो. घरी राहून मुलाला वाढविण्यासाठी आईच्या हाती बालसंगोपन योजनेतून महाराष्ट्रात जे अनुदान पडत असे, ते महामारीच्या काळातही तुटपुंजेच होते, आणि पुढे २०२३ मध्ये ते २,२५० रुपयांवर गेले. तेव्हा रोगाच्या भयाने मुले घरी पाठविली, हे योग्यच झाले असेल; पण ज्या दारिद्र्याने ती घराबाहेर काढली होती ते त्या घरात तसेच होते, नव्हे, माग बंद पडल्यामुळे दुणावलेले होते, याचा हिशेब कोणी मांडला?

येथे धार्मिक म्हणविणाऱ्या मनातून एक आक्षेप उठतो, आणि तो शब्दांत क्वचित उच्चारला जात असला तरी आचरणात सर्वत्र दिसतो. प्रत्येकजण आपापले प्रारब्ध घेऊन येतो. ज्याच्या वाट्याला पोरकेपण आले त्याने पूर्वजन्मी काही केले असले पाहिजे. आपण फार तर दोन घास द्यावे, त्याचे भोग त्याला भोगू द्यावेत, असे हे मन म्हणते. कर्मसिद्धान्त हा भारतीय तत्त्वचिंतनाचा एक थोर प्रयत्न आहे आणि त्याची हेटाळणी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु तो लागू करण्याचे स्थान कोणते, याविषयी विवेक हवा. आपल्यावर ओढवलेले दुःख धैर्याने सोसताना मनुष्य जेव्हा म्हणतो की हे माझ्याच कर्माचे फळ आहे, तेव्हा तो तक्रार टाकून जबाबदारी स्वीकारतो. तेच वाक्य तो शेजारच्या पोराकडे पाहून म्हणतो तेव्हा तो जबाबदारी टाकून न्यायाधीशाच्या आसनावर चढतो. सिद्धान्त तोच; पण स्वतःविषयी उच्चारला असता जो मनुष्याला नम्र करतो, तोच दुसऱ्याविषयी उच्चारला असता त्याला निष्ठुर करतो. शिवाय, मुलाचे पोरकेपण त्याच्या कर्माचे फळ मानले, तरी ते मूल माझ्या गावात, माझ्या डोळ्यांसमोर यावे, हे माझ्याही कर्माचे फळ मानावे लागेल. आणि मग त्यातून सुटण्यासाठी त्याच कर्मसिद्धान्ताचा दाखला देता येणार नाही.

दया हा शब्द म्हणूनच अपुरा पडतो. दया करणाऱ्याच्या इच्छेवर असते. ती आज उमलते, उद्या कोमेजते. वैदिक वाङ्मयातील ऋणाची कल्पना याहून कठोर आहे आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे बहुतेकांस ठाऊक असतात; शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यऋण हे चौथे ऋण सांगितले आहे, आणि ते माणसांना निवारा व अन्न देऊन फेडावयाचे आहे. हे चौथे ऋण आपल्या आचारातून जवळजवळ नाहीसे झाले आणि पितृऋण मात्र सर्व विधींसह टिकले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासावर पुष्कळ प्रकाश टाकते. दत्तकविधानच पाहावे. मूल दत्तक घेण्याची आपली परंपरा प्राचीन आहे. परंतु तिचे प्रयोजन बहुशः घेणाऱ्याचे होते. पिंड देण्यास अधिकारी हवा, वतनाला वारस हवा, घराण्याचे नाव चालले पाहिजे. लहानपणीच आईला मुकलेले कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले, पुढे दोन वर्षांनी त्यांचे जनक वडीलही गेले. ते दत्तविधान संस्थानच्या गरजेसाठी झाले होते. त्या दत्तक राजपुत्राने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उघडून दिली, तेव्हा मात्र गरज देणाऱ्याची नव्हती, मुलांची होती. पितृऋणाकडून मनुष्यऋणाकडे जाण्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात असताना दूर जाण्याचे कारण नाही.

मनुष्यऋण कोणत्या रीतीने फेडावे, याविषयी कबनूरच्या पंचक्रोशीत नांदणाऱ्या धर्मपरंपरांनी जे सांगितले आहे ते परस्परांना पूरक आहे. याच तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरावर समंतभद्र महाराजांनी १९३४ साली गुरुकुल स्थापिले. तेथे शिकवल्या जाणाऱ्या जैन आचारात दान चार प्रकारचे मानले आहे: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. या चौकटीत आपली बालसंगोपनाची व्यवस्था ठेवून पाहिली असता तिचे गुण आणि तिचे न्यून दोन्ही एकदम दिसतात. संस्था जेवण देते, औषध देते, शाळेत घालते. तीन दाने ती यथाशक्ति करते, आणि महामारीच्या दिवसांत अनेक संस्थांच्या काळजीवाहकांनी आपल्या घरी न जाता मुलांबरोबर राहून ती केली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु चौथे दान तिला करता येत नाही. अभय म्हणजे उद्या काय होईल याचे भय नसणे. आणि ज्या मुलाला पंधराव्या वर्षापासूनच ठाऊक असते की अमुक तारखेला आपण येथून जाणार, त्याला त्या तारखेपर्यंतचे प्रत्येक जेवण सुग्रास मिळाले तरी अभय मिळालेले नसते.

वीरशैव परंपरेने दानाऐवजी दासोह सांगितला, कारण दान देणाऱ्याचा अहंकार वाढतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, हे बसवेश्वरांनी ओळखले होते. कायकातून, म्हणजे आपल्या श्रमातून, जे मिळाले ते समाजाचेच होते, ते परत करताना देणाऱ्याने नम्र राहावयाचे. इस्लाममध्ये तर पोरक्याचा प्रश्न धर्मसंस्थापकाच्या चरित्रातच आहे: पैगंबरांचे पिते त्यांच्या जन्मापूर्वी गेले, आई सहाव्या वर्षी गेली, आजोबांनी आणि मागून चुलत्यांनी त्यांचा सांभाळ केला. कुराणाच्या निसा या अध्यायात पोरक्यांच्या मालमत्तेविषयी जे नियम आहेत त्यांतील एक आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा आहे. मुलगा वयात आला एवढ्यावरून पालकाने त्याची मालमत्ता त्याच्या हाती देऊन मोकळे व्हावयाचे नाही. त्याच्या ठिकाणी व्यवहाराची समज आली आहे की नाही याची पारख करावयाची, आणि ती आली आहे अशी खातरजमा झाल्यावर, साक्षीदार ठेवून ती हवाली करावयाची. वय आणि समज या दोन गोष्टी एकाच दिवशी येत नाहीत, हे त्या काळच्या अरबस्थानात ज्ञात होते. ज्या कबनूरच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही आपला सण मानतात, त्या गावाला हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

समजेच्या जोडीला लागतो तो कागद. आळंदीच्या विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर मागे राहिलेल्या चार भावंडांची कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु तिच्यातील चमत्कारांवर आपले लक्ष इतके खिळते की तिच्यातील प्रशासन आपल्या दृष्टीतून निसटते. परंपरा सांगते की, त्या पोरक्या मुलांना समाजात घेण्यास हरकत नव्हती; फक्त पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र आणावयाचे होते. आईबाप गमावलेल्या मुलांना दाखल्यासाठी गावोगाव हिंडावे लागले, आणि दाखला मागणाऱ्यांना आपण क्रूर आहोत असे वाटले नाही, कारण ते केवळ नियम पाळीत होते. आज हातकणंगले तालुक्यातील एखाद्या तरुणाला अनाथ प्रमाणपत्रासाठी ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या चढताना त्याला पैठणची वाट आठवली तर नवल नाही. तरी पण एक फरक झाला आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अनाथालयात वाढलेल्या एका तरुणीला स्पर्धापरीक्षेत आपल्याला बसवून घेणारा कोणताच प्रवर्ग नाही असे आढळले, आणि तिने नेटाने केलेल्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. ज्याची जात ठाऊक नाही अशा मनुष्याची नोंद शासनाच्या दप्तरात हक्कदार म्हणून झाली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या धर्मेतिहासातही लिहून ठेवण्याजोगी आहे.

महामारीने मात्र एक नवीनच भेद निर्माण केला. २०२१ च्या मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले, आणि जूनमध्ये, कोरोनामुळे दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचे राज्याने ठरविले. केंद्राने २९ मे २०२१ रोजी जाहीर केलेल्या योजनेत अशा मुलाला अठरा वर्षांनंतर दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची तरतूद केली. पती गमावलेल्या आणि लहान मुले पदरात असलेल्या स्त्रियांसाठी हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, आणि शासनानेही तालुकावार समित्या नेमल्या. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु त्याच आठवड्यात ज्याचे आईबाप क्षयाने, अपघाताने किंवा कर्जाला कंटाळून गेले, त्या मुलाने शेजारच्या खोलीतील मुलाकडे पाहून काय समजावे? आईच्या मृत्यूचे कारण वेगळे म्हणून तिच्या मुलाची भूक वेगळी होत नाही. समाजाची करुणा सार्वत्रिक भयाच्या क्षणी जागी होते, कारण त्या क्षणी जे त्याच्यावर आले ते आपल्यावरही येऊ शकते असे आपल्याला वाटते. म्हणजे त्या करुणेत पुष्कळसा अंश स्वतःविषयीच्या भीतीचा असतो. भय गेल्यावरही जी टिकते तिलाच धर्म म्हणावे.

या योजनांतून एक कबुली मात्र, बहुधा अनवधानाने, शासनाच्या हातून लिहिली गेली आहे. महामारीने पोरक्या केलेल्या मुलाला तेविसाव्या वर्षापर्यंत आधार हवा, हे ज्याने मान्य केले, त्याने अठराव्या वर्षी मनुष्य स्वतःच्या पायांवर उभा राहतो ही समजूत खोटी असल्याचे मान्य केले. बाल न्याय अधिनियमात अठरा वर्षांनंतर संस्थेबाहेर पडणाऱ्यास साहाय्य करण्याचे कलम आहे. नियमांप्रमाणे एकविसाव्या आणि अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या सांभाळाची, सोयही करता येते. परंतु ते साहाय्य देता येईल असे कायदा म्हणतो, दिलेच पाहिजे असे म्हणत नाही. आणि या दोन क्रियापदांमधील अंतरात दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांचे आयुष्य हरवते. एकाला जे हक्क म्हणून द्यावयाचे, ते दुसऱ्याला मर्जी म्हणून देण्याचे समर्थन कोणत्या न्यायाने होणार?

याउलट असा युक्तिवाद केला जातो की, अठरा वर्षांचा मनुष्य सज्ञान असतो, त्याला संस्थेच्या छायेत कायम ठेवणे हे त्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण आहे, आणि अनेक मुलांना त्या शिस्तीतून केव्हा एकदा सुटतो असे झालेले असते. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि म्हणूनच अभय आणि ताबा यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. तुमची-आमची मुलेही अठरा-वीस वर्षांची झाली की पुण्यास जातात, बंगळूरला जातात, परदेशी जातात. त्यांना कोणी अडवीत नाही. पण त्यांच्या जाण्यात आणि संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या जाण्यात भेद हा की, त्यांना परत येता येते, आणि परत येताना कारण सांगावे लागत नाही. टाळेबंदी होताच लाखो सुस्थित तरुण शहरांतील खोल्या सोडून आईवडिलांकडे आले, आणि त्यांपैकी कोणालाही, तुझे वय किती, असे दारात विचारले गेले नाही. घर ज्याच्यामुळे घर ठरते तो हा बिनशर्त परतीचा हक्क होय. राहण्याची सक्ती नव्हे.

मराठी समाजाला ही कल्पना नव्याने शिकवावी लागत नाही, कारण तिला आपण माहेर म्हणत आलो आहोत. लेक सासरी गेली म्हणून माहेर संपत नाही. सणाला, बाळंतपणाला, दुखण्याला ती येते, आणि चारचौघांत सांगण्याजोगे कारण नसले तरी येते. वारकऱ्यांनी पंढरीला माहेर मानले तेव्हा ईश्वराकडेही त्यांनी हाच हक्क मागितला. परंपरेप्रमाणे गंगाखेडची जनी लहानपणी पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि आयुष्यभर त्या घराची होऊन राहिली. दासी म्हणून राहिली, हे त्या काळाचे न्यून होते, पण वय झाले म्हणून तिला कोणी निघावयास सांगितले नाही. त्याच पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने, प्रार्थना समाजाच्या आश्रयाने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला, आणि देवळाच्या वाटेवर मूल सोडून जाणाऱ्या असहाय स्त्रियांना ते जिवंत राहील अशी जागा मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी दिवंगत झालेल्या सिंधुताई सपकाळ यांनी शास्त्रचर्चा न करता हेच केले. त्यांनी वाढविलेली मुले संसाराला लागल्यावरही त्यांच्याकडे येत राहिली, त्यांच्या मुली माहेरपणाला येत राहिल्या. आपल्या शासकीय संस्था याच्या तुलनेत धर्मशाळा आहेत. उत्तम चालविलेल्या, स्वच्छ, सदावर्तासह, पण मुक्कामाची मुदत दारावर लिहिलेल्या.

हे सर्व मान्य केल्यावर कबनूरने काय करावे? ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर प्रत्येक गावात असते. सरपंच तिचे प्रमुख, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे शिक्षक तिच्यात. तिच्या नोंदवहीत बालकांची नावे असतात. त्या वहीत आणखी एक पान वाढवून अठरा ते पंचवीस वर्षांच्या, संस्थेतून आलेल्या किंवा आप्तांवाचून राहणाऱ्या तरुणांची नावे, त्यांची संमती घेऊन, लिहिण्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागत नाही. त्यांच्या शिधापत्रिकेसाठी, मतदार नोंदणीसाठी, बँकेच्या खात्यासाठी आणि खोलीच्या करारासाठी गावातील एका प्रतिष्ठित मनुष्याने ओळख द्यावी, जामीन राहावे. मागाच्या मालकाने अशा कामगाराला बंद काळातही शेडमध्ये झोपण्याची मुभा लेखी द्यावी. आणि आजारात ज्याला निरोप पाठवावयाचा अशा एका घराचे नाव त्याच्यापुढे लिहिलेले असावे. मठ, मंदिर, जैन बस्ती आणि मशीद यांच्या विश्वस्तांनी अन्नदानाबरोबर ही जामिनकी वाटून घेतली तर त्यांच्या धर्मात काही उणे येणार नाही. ज्या आईला घरी मूल वाढविता येईल तिला बालसंगोपनाचे अनुदान मिळवून देणे हे तर याहूनही अगोदरचे काम, कारण त्यामुळे संस्थेचा रस्ताच टळतो. यातील एकही गोष्ट खर्चाची नाही. सर्व गोष्टी नाते मान्य करण्याच्या आहेत, आणि म्हणूनच त्या निधी देण्यापेक्षा कठीण वाटतात.

कठीण वाटण्याचे मूळ कारण असे की, आपण स्वतःला दाता आणि त्या मुलाला याचक समजण्यास सरावलो आहोत. मनुष्यऋणाचा विचार पटला तर ही जागा बदलावी लागते. धनको तो आहे आणि ऋणको आपण. ऋणाच्या व्यवहारात मुदत वाढवून मागण्याची सोय ऋणकोला असते, ऋण फिटले असे जाहीर करण्याची नसते. फारकत लिहून द्यावयाची ती धनकोने. अठराव्या वर्षीची फारकत आपणच लिहावयाची, आपणच तिच्यावर सही करावयाची, आणि धनकोला रस्त्यावर उभे करून वर कृतज्ञतेचा उपदेशही त्यालाच करावयाचा, ही रीत सावकारीच्या कोणत्याही कायद्यात बसत नाही; मग ती धर्मात बसते असे आपण इतकी वर्षे कसे मानत आलो, याचा जबाब आता प्रत्येक गावाने आपापल्या ग्रामसभेत द्यावा.